हौ, माय

"मंग तवा 'हौ' काहून म्हणलं तुमी?"

फकिराने कार्ड खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि त्यावर पंजा दाबून धरला, जणू ते वाऱ्याने उडून जाईल. वारा नव्हताच. राज्याच्या सीमेपलीकडच्या या बालाघाटात माघाची थंडी एकदा उतरली की ती हलत नाही, उंबऱ्यावर ठाण मांडून बसते. लांजीच्या पलीकडच्या खेड्यातून पहिल्या बसने तो आला होता. कानाला गुंडाळलेला मफलर त्याने अजून सोडला नव्हता.

खिडकीच्या आत राखी होती. रक्ततपासणी केंद्रात नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. तिने मान वाकडी करून कार्ड वाचलं. खुशी, वडील फकिरा, नमुना क्रमांक २१४७. सिकलसेल : नाही. म्हणजे आईबापाकडून येणारा, सांधे दुखवणारा तो रक्ताचा आजार मुलीला नव्हता.

"ये तो अच्छी बात है ना, काकाजी," ती म्हणाली. "काही नाही तुमच्या बेटीले. एकदम नॉर्मल."

"अच्छी बात." फकिराने तिचेच शब्द तिला परत दिले. "एकवीस दिवसाआंधी याच खिडकीत उभा होतो मी. तूच बसली होती. मी म्हणलं, बाई, माह्या पोरीले सिकल आहे का, पाहून सांग. तू खटखट केलं अन् म्हणली, हौ. मी म्हणलं, बाई, पुन्हा पाय. तू पुन्हा खटखट केलं. पुन्हा हौ. पोरीचं लगन जमलं तो पोट्टा वाहक होता. त्याच्या घरच्यायनं काही लपवलं नाई, आंधीच सांगतलं, तुमच्या पोरीचं तपासून घ्या, दोघंई तसेच निघाले तं लेकरायच्या जिवाले घोर. सोन्यासारखी माणसं! तुह्या हौवर मी साक्षगंध मोडला, बाई. त्यायच्या अंगणात उभा राहून, हात जोडून मोडला."

राखीच्या मागे, नळ्यांच्या टेबलाशी वसंता नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याच्या बोटाला लागलेली चिठ्ठी बोटालाच राहिली.

आवाज ऐकून केंद्राचे प्रमुख राजेंद्र साहेब आतून आले. त्यांनी फकिराला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग स्वतः संगणकासमोर वाकून २१४७ टाकलं. पडद्यावर उत्तर आलं : नाही.

"ये देखो. साफ लिखा है, नाही. तूने हौ कहाँ देखा?"

"सर, उस दिन हौ आया था." राखीचा आवाज बारीक झाला. "दोनो बार. भगवान की कसम."

"मतलब मशीन पहले हौ बोला, अब नाही बोल रहा है? मशीन का मन बदल गया?" साहेबांनी वसंताकडे पाहिलं. "क्यों वसंता? असं होते का कधी?"

वसंताने तोंड उघडलं. चार वर्षं या संगणकाबद्दल काहीही विचारलं तरी त्याच्याकडे उत्तर तयार असे. आज तो एवढंच म्हणाला, "पाहून सांगतो, साहेब."

राखीने त्याच्याकडे पाहिलं. मग ओढणीचं टोक तोंडात धरून ती मागच्या खोलीत निघून गेली. फकिरा आणखी थोडा वेळ बसला. जाताना कार्ड त्याने शर्टाच्या आतल्या खिशात घातलं, आणि वरून हात ठेवून गेला.

आता वसंताचं आणि त्या संगणकाचं काय नातं होतं, ते सांगायला हवं.

वसंता मूळचा चिठ्ठ्या चिकटवणारा. नळीवर नाव, क्रमांक, तारीख. चार वर्षांपूर्वी केंद्राला एक जुना संगणक मिळाला. नोंदी ठेवण्यासाठी वरून काही तयार येईल म्हणून सगळे वाट पाहत राहिले, आणि आलं काहीच नाही. मग वसंताने मोबाइलवर व्हिडिओ पाहून, वहीत उतरवून, पायथन नावाची संगणकाची भाषा शिकून घेतली. त्यात जिला लोक शेल म्हणतात, ती त्याला फार आवडली. एक ओळ लिहावी, एंटर दाबावं, यंत्राने तिथल्या तिथे उत्तर द्यावं. अगदी समोर बसून बोलल्यासारखं! त्याने दोनच कामं बांधली. 'नोंद' म्हटलं की नमुना लिहिला जाई, 'शोध' म्हटलं की निकाल सापडे.

पण ते चालवायचं होतं शांताबाईंनी. तीस वर्षं रजिस्टर लिहिलेल्या बाई. हिंदी टायपिंग त्यांना येत होतं, बाकी यंत्राचा धाक होता. पहिल्याच दिवशी त्या वैतागल्या.

"हे तीन बाण काहून दाखवते रे मले? मारते काय?"

शेल तयार असली की ओळीच्या सुरुवातीला तीन कोन दाखवते, त्याला त्या बाण म्हणाल्या. वसंता हसला. त्या संध्याकाळी त्याला कळलं की ही खूण बदलता येते. नुसती खूणच काय, शेलचं सगळं वागणं आपल्या मनासारखं करता येतं. शेल उघडली की सगळ्यात आधी ती एक फाइल वाचते. त्या फाइलीत जे लिहाल, तशी ती वागते. कीर्तनात आधी नमन होतं आणि मग बाकीचं, तसंच हे. म्हणून त्याने त्या फाइलीचं नाव 'नमन' ठेवलं, आणि तिच्यात पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी शांताबाईंनी खुर्ची ओढली तर बाणांच्या जागी शब्द होते : बोल माय.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मले म्हणून राह्यलं?"

"तुमालेच म्हणते, माय."

"चांगल्या घरचं दिसते," बाई म्हणाल्या आणि बोलू लागल्या.

एक अडचण तरीही राहिली. नोंद लिहून एंटर दाबलं की पडद्यावर काहीच येत नसे. पायथनचा स्वभावच तो. सांगण्यासारखं उत्तर नसेल तर गप्प राहायचं. बाई थबकून बसत. "ऐकलं का नाई ऐकलं, कसं समजाव? माणसानं निदान हौ तं म्हणाव!"

ते वाक्य वसंताच्या काळजात गेलं, कारण हौ म्हणणं हेच त्याचं खरं काम होतं.

गेली वीस वर्षं तो मैनाबाईंच्या कीर्तनात मागे टाळ घेऊन उभा राहत असे. वारासिवनीच्या मैनाबाई, सत्तरीला टेकलेल्या, कपाळभर बुक्का आणि आवाजात खडीसाखर. आख्यान रंगात आलं की त्या अर्ध्या मागे वळत आणि विचारत, "हौ का नाई, वसंता?" आणि वसंता टाळावर टाळ टेकवून म्हणे, "हौ, माय!" त्याच्या त्या एका शब्दावर कथा पुढचं पाऊल टाकी. बाकी त्याला गाता येत नव्हतं, अभंगाची चाल धरता येत नव्हती. त्याचा हौ मात्र चारशे माणसांच्या मांडवात शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायचा. एकदा कटंगीच्या सप्ताहात उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. बाईंच्या ते ध्यानात आलं. आख्यान मधेच सोडून त्या म्हणाल्या, "अन् मंग रावणानं समुद्रावर सेतू बांधला. हौ का नाई, वसंता?" झोपेतूनच टाळ वाजले. "हौ, माय!" मांडव इतका हसला की पाचदहा मिनिटं कीर्तन पुढे सरकेना. आजही कटंगीत त्याला सेतुवाला म्हणतात.

तर तो हौ त्याने यंत्राला दिला. पायथन गप्प राहील तिथे त्याने गप्प राहू नये, 'हौ' लिहावं. तीन ओळींचं काम. शांताबाई नोंद करायच्या, यंत्र म्हणायचं हौ, बाई पुढची नळी उचलायच्या. कथा पुढे सरकायची. चार वर्षांत 'नमन' वाढत वाढत एकशे त्रेचाळीस ओळींचं झालं. चूक झाली की इंग्रजीत लाल अक्षरं यायची, तिथे आता 'पुन्हा सांग माय' यायचं. वसंताने देवाला कधी काही मोठं मागितलं नव्हतं, पण ती फाइल उघडून पाहताना त्याला वाटे, आपल्या हातून एक भजन झालं.

फकिरा गेल्यावर, दुपारी सगळे डबे घेऊन उन्हात बसले असताना, वसंता एकटा त्या खुर्चीवर बसला. मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवलेले पण अहवाल न आलेले सहा नमुने होते. त्याने त्यातल्या एकाचा क्रमांक घालून 'शोध' लिहिलं आणि एंटर दाबलं.

हौ.

त्याने दुसरा घातला. हौ. तिसरा. हौ.

अहवाल आलेला नसेल तर 'शोध'ला सांगण्यासारखं काही सापडत नसे, म्हणजे ते गप्प राही. आणि गप्प राहण्याच्या जागी वसंताने काय बसवलं होतं? काम झालं म्हणून गप्प राहणं वेगळं आणि मला ठाऊक नाही म्हणून गप्प राहणं वेगळं. यंत्राला तो फरक कळत नव्हता. वसंताने दोघांच्याही तोंडी एकच शब्द घातला होता, आणि तोही असा, की आमच्याकडे 'ऐकतो आहे' म्हणायलाही तोच आणि 'होय' म्हणायलाही तोच.

शांताबाईंना तो शब्द कधी चकवू शकला नाही. त्यांच्या कानाला तो हुंकार होता. शिवाय त्या आधी कागदांची फाइल बघत आणि अहवाल आला असेल तरच यंत्राला विचारत. पण गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या बारा दिवस रजेवर होत्या, आणि संगणकही खिडकीवरच्या राखीच्याच हाती होता. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? सांगणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं!

शेल आपल्याला दिलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवते. वसंताने ती यादी उघडली आणि मागे मागे जात राहिला. राखीच्या त्या बारा दिवसांत ते सापडलं. शोध, २१४७. त्याच्या खाली लगेच पुन्हा शोध, २१४७. दोनदा. एका बापाने दोनदा विचारलं होतं.

त्या बारा दिवसांत राखीने शोधलेले बाकीचे क्रमांकही त्याने एकेक करून कागदांशी ताडले. त्या सगळ्यांचे अहवाल विचारण्याआधी आलेले होते. चुकीचा हौ एकाच घरात गेला होता. त्याबद्दल त्याने हात जोडले, आणि जोडता जोडताच त्याला लाज वाटली.

संध्याकाळी निघताना साहेब म्हणाले, "सोमवार को राखी का देखते हैं. ऐसे लोग खिडकी पर नहीं चलते." वसंताने उरलेल्या चिठ्ठ्या आवरून ठेवल्या. सायकल हातात धरून तो घरापर्यंत चालत गेला. वर बसायचं त्याला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. वारासिवनीजवळच्या एका खेड्यात सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन. ऊन अंगावर घेत माणसं बसली होती, मांडवाच्या कडेला लाह्यांचं आणि दह्याचं पातेलं झाकून ठेवलं होतं. मैनाबाईंनी बाळकृष्णाची लीला लावली. कृष्णाने माती खाल्ली, सवंगडी यशोदेकडे धावत आले.

"अन् यशोदा पुसते, काहो पोट्टेहो, खरंच खाल्ली का यानं माती? सवंगडी एका आवाजात काय म्हणतात?" बाई अर्ध्या वळल्या. "हौ, माय! खाल्ली! हौ का नाई, वसंता?"

टाळ वाजले नाहीत.

बाई थांबल्या. समोरच्या बायका माना वर करून पाहू लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "सेतुवाला झोपला वाटते!" आणि हशा पिकला. वसंता जागा होता. त्याचे ओठ हलले, पण तो शब्द काही केल्या वर येईना. जो शब्द वीस वर्षं प्रसादासारखा वाटला, तो परक्याच्या अंगणात जाऊन काय करून आला, हे आता त्याला ठाऊक होतं.

मैनाबाई मुरलेल्या. त्यांनी क्षणात गजर धरला आणि कथा सावरली. काला वाटून झाला तशी त्यांनी वसंताला चिंचेखाली बोलावलं, हातावर दहीलाह्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "खा आंधी. मंग सांग."

त्याने सगळं सांगितलं. शेल म्हणजे काय, ते बाईंना कळलं नसावं. हौ म्हणजे काय, ते त्यांना त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"म्हणजे तू झोपला असतानी जसा हौ म्हणला होता, तसा म्हणाले लावलं त्या मशीनले," बाई म्हणाल्या.

वसंताने मान खाली घातली.

"तवा लोक हासले. रावणाचं काही बिघडलं नाई, रामाचं बी नाई. आता त्या पोरीचं बिघडलं."

"माय, चार साल झाले. माह्या हातून तेवढंच एक बरं काम झालतं. सांगतलं तं साहेब सारं पुसून टाकते. अन् लोकं म्हणतीन, चार सालाचे सारेच निकाल चुकीचे असतीन."

"अन् नाई सांगतलं तं?"

"राखीले काढते."

बाईंनी हातावरची एक लाही चिमटीत धरली. "यशोदेनं काय केलं रे मंग? सवंगड्यायचं बी नाई ऐकलं, त्याचं बी नाई ऐकलं. म्हणली, तोंड उघड. उघडून दाखव." त्या उठल्या. "माह्याच्यानं तं एवढंच होते. मी कथा सांगतो, बापा. उघडून दाखवणं तुह्या हाती आहे."

सोमवारी राखी आली होती, पण खिडकीवर बसली नव्हती. मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, निघायच्या तयारीत. वसंताने साहेबांना संगणकासमोर बोलावलं. शांताबाईही आल्या, एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी. त्याने अहवाल न आलेला क्रमांक घातला आणि बाजूला झाला. पडद्यावर हौ. मग त्याने यादीतल्या त्या दोन ओळी दाखवल्या.

"राखी खोटं नाई बोलली, साहेब. तिनं जे वाचलं ते सांगतलं. लिहिलं मी होतं."

साहेबांनी आधी दार लोटलं. मग हळू आवाजात विचारलं, "ये और किसने देखा है?"

"आपण चौघं."

"तो बस. सुन वसंता, तू भला आदमी है. ये लाइन आज ही ठीक कर दे. बात बाहर गई तो चार साल का काम मिट्टी. लोक तपासाले येणं बंद करतीन. तुले पाहिजे का ते? एक लडकी का क्या, दुसरी जगह लग जाएगी."

साहेब अगदीच खोटं बोलत नव्हते. लोकांना खरंच भीती बसली असती. शनिवारपासून वसंताही हाच विचार वेगवेगळ्या शब्दांत करत होता.

"साहेब," तो म्हणाला, "मी लिहून आणलं आहे." आणि त्याने खिशातून घडी केलेले तीन कागद काढले. तिन्हींवर एकच मजकूर, दोन्ही बाजूंनी भरलेला, खाली सही. कोणता क्रमांक, कोणता दिवस, काय विचारलं, यंत्राने काय दाखवलं, त्याचा अर्थ काय होता आणि काय समजला गेला. "एक तुमच्यासाठी. एक वर पाठवाले. एक फकिराभाऊले नेऊन देतो."

शांताबाई राखीजवळ जाऊन बसल्या, आणि तिच्या मांडीवरची पिशवी उचलून त्यांनी खिळ्याला टांगली.

लांजीच्या बसमधून उतरून वसंता चालत गेला. फकिराच्या अंगणात धानाच्या तणसाचा ढीग होता, आणि त्याला टेकून एक मुलगी सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. तिने ओळखलं नाही, पण उठून पाणी आणलं. फकिरा घरातून बाहेर आला आणि दारातच उभा राहिला.

वसंताने कागद वाचून दाखवला. वाचताना त्याला आपलंच लिहिणं फार सरकारी वाटू लागलं, म्हणून शेवटी त्याने तो खाली ठेवला आणि साध्या शब्दांत सांगितलं. मशीनला हौ म्हणायला मी शिकवलं होतं. ते नुसतं ऐकलं म्हणून म्हणत होतं. खिडकीवरच्या मुलीचा दोष नाही.

फकिराने खाली ठेवलेला कागद उचलला.

"मी त्या पोराच्या घरी जातो, भाऊ. त्यायलेई सांगतो. हात जोडतो."

"जाऊन काय करता?" फकिरा म्हणाला. "त्याचं तिरोड्याकडे जमलं. पुढच्या पंधरवड्यात लग्न आहे. आता तिकडच्या पोरीचा साक्षगंध मोडाले लावता काय?"

सुपातली डाळ खालीवर होत राहिली. मग खुशी हात न थांबवता म्हणाली, "काका, मले गुडघे दुखत होते."

"कवापासून?"

"बाबा हौ ऐकून आले तवापासून. खरंच दुखत होते. सकाळी उठवत नोहतं. मायनं थंड्या पाण्यात हात घालू देला नाई, कॉलेजले जाऊ देलं नाई. शेजारच्या बाया येऊन पाय चेपून जात. वीस दिवस." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "शुक्रवारी कार्ड आलं. तवापासून नाई दुखत. आता मी कोनाले सांगू, का ते दुखणं खोटं नोहतं म्हणून?"

वसंता गप्प राहिला, आणि आपण गप्प राहिलो आहोत हे त्याने तिला दिसू दिलं.

निघताना तिने अंगणाच्या टोकापर्यंत येऊन विचारलं. रागाने नव्हे; कॉलेजात एखादी गोष्ट समजली नाही की विचारावी, तसं.

"हौ शिकवलं तुमी त्याले. मंग 'मालूम नाई' काहून नाई शिकवलं?"

"मले सुचलंच नाई, बाई," वसंता म्हणाला.

वरून आदेश यायला आठ दिवस लागले. राखी खिडकीवर राहिली. वसंताने संगणकाला हात लावायचा नाही. मात्र त्याआधी त्याने एक ओळ दुरुस्त करून द्यायची, आणि ती त्याने दिली : आता अहवाल नसेल तर 'शोध' स्वच्छ म्हणतं, अहवाल अजून यायचा आहे. 'नोंद' आणि 'शोध' ही दोन कामं सोडून बाकी जे जे आपल्या मनाने बसवलं, ते सगळं काढून यंत्र होतं तसं करायचं. 'नमन' त्याने स्वतःच पुसलं. पुसण्याआधी एकशे त्रेचाळीस ओळी वरपासून खालपर्यंत एकदा वाचल्या, ओठ हलवत. पुसल्यावर शेलने काहीच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाईंची पट्टी निघाली होती. शेल सुरू करायच्या तीन ओळी वसंताने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावल्या होत्या. त्या पाहून पाहून बाईंनी टाइप केल्या. पडद्यावर तीन बाण आले.

"आले परत," बाई म्हणाल्या.

पहिली नळी त्यांनी उजेडात धरून वाचली, नोंद लिहिली, एंटर दाबलं. काही आलं नाही. पुन्हा तीन बाण, आणि त्यांच्यापुढे उघडमीट करणारी रेघ. दुसरी नळी त्यांच्या हातात होती, पण हात पुढे जाईना. खिडकीवरून राखीने वळून पाहिलं.

"वसंता," बाईंनी मान न वळवता हाक मारली. "ऐकलं का रे यानं?"

वसंता नळ्यांच्या टेबलावरून उठला. चिठ्ठ्यांचा डिंक हाताला लागला होता, तो त्याने पँटला पुसला. बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. कळपाटीला हात लावला नाही. "शोध लावून पाहा, माय," तो म्हणाला. बाईंनी लावला. पडद्यावर क्रमांक आला, नाव आलं, गाव आलं, तारीख आली, आणि खाली : अहवाल अजून यायचा आहे. त्याने नळीवरचा क्रमांक वाचला, पडद्यावरचा वाचला, पुन्हा नळीवरचा वाचला.

"हौ, माय," तो म्हणाला.

बाईंनी पुढची नळी घेतली. तो जाऊन बसला.

त्या दिवशी एकतीस नमुने होते. तो एकतीस वेळा उठला.